विशेषणांना विमान उडवता येत नाही

१९४१ सालची गोष्ट. अमेरिकेच्या लष्करी हवाई दलात वैमानिक व्हायला आलेल्या तरुणांपैकी अनेकांना प्रशिक्षणातून मध्येच घरी पाठवलं जात होतं. युद्ध दारात उभं असताना हे परवडणारं नव्हतं. ही मुलं नेमकी कुठे अडतात हे शोधण्याचं काम जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाच्या गटाकडे आलं. त्यांनी काढून टाकलेल्या १,००० उमेदवारांचे कागद मागवले. प्रत्येकाच्या नावापुढे अधिकाऱ्यांच्या मंडळाने कारण लिहिलेलं होतंच: उडण्याचं उपजत अंग नाही, स्वभाव या कामाला योग्य नाही, निर्णयशक्ती कमी पडते, प्रगती पुरेशी नाही.

हजार कागद वाचून हाती लागलं काय, तर बहुतेक ठिकाणी अशीच ठोकळेबाज वाक्यं. त्या मुलाने विमान उतरवताना नेमकं काय केलं, कोणता दांडा कधी ओढला, कोणत्या काट्याकडे बघायचं राहिलं, हे फारसं कुठे नव्हतं. अनुभवी वैमानिकांनी आपल्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट लिहायला घेतली आणि कागदावर उतरली ती विशेषणं!

यावर फ्लॅनगनच्या गटाने शोधलेली युक्ती इतकी साधी आहे की ती कुणाला शोधावी लागली याचंच नवल वाटतं. त्यांनी मत विचारणं थांबवलं आणि प्रसंग विचारायला सुरुवात केली. युद्धावरून परतलेल्या वैमानिकांना ते म्हणाले, उडताना दिशेचं भान सुटलं, गरगरलं, असा एखादा प्रसंग आठवा. तेव्हा तुम्हाला काय दिसलं, काय ऐकू आलं, काय जाणवलं ते सांगा. या उत्तरांमधून विमानातल्या उपकरणांच्या मांडणीत आणि प्रशिक्षणात काय बदलायला हवं याच्या शिफारशी निघाल्या. विशेषणांच्या ढिगातून जे मिळालं नव्हतं, ते माणसांना 'त्या दिवशी काय झालं?' एवढंच विचारल्यावर मिळालं. १९५४ साली फ्लॅनगनने ही पद्धत सविस्तर लिहून प्रसिद्ध केली.

आता आजच्या पुण्यात, सोलापुरात किंवा नांदेडमध्ये लॅपटॉपसमोर बसलेल्या बावीस वर्षांच्या मुलीकडे या. नोकरीचा ऑनलाइन अर्ज भरता भरता ती एका चौकटीपाशी अडली आहे. 'गटात मतभेद झाले असताना तुम्ही मार्ग काढलात, असा एक प्रसंग सांगा.' तिला वाटतंय, हे एचआरवाल्यांचं नवीन खूळ. प्रत्यक्षात ती ज्या प्रश्नापुढे बसली आहे, त्याचं मूळ महायुद्धातल्या त्या वैमानिकांपर्यंत जातं.

मधला प्रवासही मजेदार आहे. १९७०च्या दशकात हार्वर्डचे डेव्हिड मॅक्लेलंड परदेशात काम करणाऱ्या अमेरिकी माहिती अधिकाऱ्यांची निवड कशी करावी या प्रश्नावर काम करत होते. परीक्षेतले गुण आणि प्रत्यक्ष कामातली करामत यांचा मेळ नीट बसत नव्हता. त्यांनी फ्लॅनगनची युक्ती उचलली. नावाजलेल्या अधिकाऱ्यांना आणि बेताच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून आपापल्या कामातले बरे-वाईट प्रसंग तपशीलवार सांगायला लावले आणि दोन्ही गटांच्या गोष्टींत फरक कुठे पडतो ते पाहिलं. १९८२ मध्ये टॉम जान्झ यांनी अशा प्रसंगांवर बेतलेल्या मुलाखतींची तुलना मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतींशी केली आणि प्रसंगांचं पारडं जड निघालं. मग हे लोण कंपन्यांत पसरलं. अॅमेझॉनच्या मुलाखतीत आज बरेच प्रश्न 'असं कधी झालं होतं, ते सांगा' याच घाटाचे असतात. ब्रिटनच्या सरकारी नोकऱ्यांच्या अर्जात प्रत्येक गुणासाठी एक प्रसंग लिहायचा असतो, तोही साधारण २५० शब्दांत. शिकायला तिकडे गेलेल्या आपल्या मुलांना याची पहिली ठेच लागते ती तिथेच.

आपल्याकडेही हे अगदीच परकं नाही. सैन्यात अधिकारी होण्यासाठी एसएसबीला गेलेल्या कुणालाही विचारा. तिथे सुरुवातीलाच वैयक्तिक माहितीचा एक अर्ज भरून घेतात. खेळ, एनसीसी, छंद, शाळा-कॉलेजात सांभाळलेल्या जबाबदाऱ्या, सगळं त्यात येतं. पुढे मुलाखत घेणारा अधिकारी त्याच कागदाचा धागा धरून उमेदवाराला उलगडत जातो. यूपीएससीच्या सविस्तर अर्जातही नेतृत्वाच्या जबाबदाऱ्या आणि अभ्यासाबाहेरचे उद्योग यांना जागा आहे, आणि २७५ गुणांच्या व्यक्तिमत्त्व चाचणीत प्रश्न तिथून सुरू होणं ही नेहमीची गोष्ट आहे.

पण या प्रश्नांनी खरंच माणूस ओळखता येतो का? शंका रास्त आहे. १९९८ साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी निवडीच्या पद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून पाहिलं. मुलाखतीतला अंदाज आणि पुढचं प्रत्यक्ष काम यांचा संबंध त्यांनी आकड्यात मांडला. ० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे तंतोतंत. ठरावीक प्रश्न ठरावीक पद्धतीने विचारणाऱ्या मुलाखतींना मिळाले ०.५१, मोकळ्या गप्पांना ०.३८. पुढे २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हा सगळा हिशोब नव्याने तपासला. तेव्हा बऱ्याच पद्धतींचे आकडे घसरले. ठरावीक मुलाखतही ०.४२ वर आली, पण क्रमवारीत ती पहिली होती. मोकळ्या मुलाखतीचा आकडा ०.१९ पर्यंत खाली गेला. म्हणजे 'मी माणूस बघताक्षणी ओळखतो' म्हणणाऱ्या साहेबांपेक्षा समोर छापील प्रश्न घेऊन बसलेला कंटाळवाणा माणूस अधिक भरवशाचा. मला हे वाचून थोडं वाईटही वाटलं, कारण पहिल्या प्रकारची माणसं गप्पांना छान असतात.

बरं, प्रश्न कुठून आला ते कळलं. आता तो चौकटीत अडलेला कर्सर.

त्या मुलीने कॉलेजात दोन वर्षं राष्ट्रीय सेवा योजना केली आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६९ मध्ये, ही योजना ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. वर्षाला १२० तास काम, दोन वर्षांत २४० आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, हा तिचा साचा पिढ्यान्‌पिढ्या एनएसएस केलेल्यांना पाठ आहे. या मुलीने रक्तदान शिबिरात टेबल सांभाळलंय, दत्तक गावात सर्वेक्षण केलंय, आषाढीच्या पालखीत कचरा गोळा केलाय. एवढं असून 'मतभेद' म्हटल्यावर तिला एकही प्रसंग आठवत नाही. तिला वाटतं, आपण काही केलंच नाही.

हा तिचा दोष नाही, आपल्या आठवणींची रचनाच तशी आहे. मार्टिन कॉनवे आणि क्रिस्टोफर प्लेडेल-पिअर्स यांनी २००० साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार स्वतःच्या आयुष्याच्या आठवणी थरांत लागलेल्या असतात. सगळ्यात वर आयुष्याचे मोठे टप्पे, जसं कॉलेजची वर्षं किंवा वसतिगृहातले दिवस. त्याखाली प्रसंगांचे जुडगे, म्हणजे शिबिर, पालखी, गॅदरिंग. आणि तळाशी प्रत्यक्ष क्षण, ज्यात आवाज असतो, वास असतो, कुणाचा तरी चेहरा असतो. या फडताळात 'नेतृत्व', 'संघभावना', 'संवादकौशल्य' अशा चिठ्ठ्या लावलेले कप्पे कुठेच नाहीत. अर्जातला प्रश्न मात्र नेमक्या त्याच कप्प्यांची किल्ली मागतो.

म्हणून गुणाचं नाव घेऊन आठवायला बसलं की हात रिकामा येतो. तेच काळाचं, जागेचं, माणसांचं बोट धरून खाली उतरा. शिबिराची तिसरी रात्र. जेवण कुणाकडे होतं? पाणी कुठून आणायचो? कोण कुणावर चिडलं होतं? एवढं विचारलं की ती मुलगी हसायला लागते. कारण तिसऱ्या रात्री भाकऱ्या कमी पडल्या होत्या, मुलं म्हणत होती मुलींनी आधी जेवून घेतलं, मुली म्हणत होत्या सरपणच उशिरा आलं, आणि दुसऱ्या दिवशीपासून वाढपाची पाळी तिने कागदावर लिहून खांबाला चिकटवली होती. मतभेद! तिला इतका वेळ जो प्रसंग सापडत नव्हता, त्याला ती मनात 'भाकरीचं भांडण' म्हणत होती.

एक उदाहरण जरा सावकाश बघू. मुलगा कल्पनेतला आहे, काम खरं आहे.

पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली. त्या वर्षी कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव पहिलं आलं. २०१८ पर्यंत ती ७५ तालुक्यांत पोचली होती. ८ एप्रिल ते २२ मे, भर उन्हातले ४५ दिवस, आणि गावाने स्वतःच्या श्रमाने पाणी अडवायची कामं करायची. समजा, साताऱ्याकडचा एक मुलगा त्या साली बारावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता आणि रोज पहाटे टेकडीवर जात होता. पुढे पदवी झाली, आणि एका अर्जात प्रश्न आला: अधिकार हातात नसताना तुम्ही कुणाला एखादी गोष्ट पटवून दिलीत, तो प्रसंग लिहा. त्याने लिहिलं: 'मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे. आमच्या गावाने वॉटर कप स्पर्धेत भाग घेतला होता. आम्ही सर्वांनी एकजुटीने श्रमदान करून जलसंधारणाची कामे केली. त्यातून माझ्यात नेतृत्वगुण आणि संवादकौशल्य विकसित झाले.'

हे त्याने पुण्यात नोकरी करणाऱ्या आतेबहिणीला दाखवलं.

"छान आहे," ती म्हणाली. "आता मला सांग, तू काय केलंस?"

"श्रमदान."

"म्हणजे काय?"

"म्हणजे चर खोदले, ताई. सगळ्यांनी मिळून."

"सगळ्यांचं राहू दे. टेकडीवर गेल्यावर तुझ्या हातात काय असायचं?"

"माझ्या हातात टिकाव नसायचाच. मी हायड्रोमार्करवर असायचो."

इथे आपणही थांबू, कारण ही वस्तूच भारी आहे. डोंगरउतारावर पाणी अडवायला सलग समतल चर खणतात. समतल हा शब्द त्यात दागिन्यासाठी नाही. चराची सगळी लांबी एकाच उंचीवर असली पाहिजे. एक टोक थोडं जरी खाली गेलं तर पावसाचं सगळं पाणी त्या टोकाला धावतं, तिथला बांध फोडतं आणि जमिनीत मुरायच्या ऐवजी माती घेऊन खाली जातं. मग टेकडीवर एकाच उंचीचे ठिपके शोधायचे कसे? आकडे लिहिलेल्या दोन काठ्या घ्यायच्या, त्यांना पारदर्शक नळी बांधायची, नळीत पाणी भरायचं. एकाने एक काठी ठेवायची, दुसऱ्याने दुसरी घेऊन पुढे सरकायचं. दोन्हीकडे पाणी एकाच आकड्यावर उभं राहिलं की दोन्ही जागा एका उंचीवर. तिथे खूण करायची, खुणांवरून फक्की मारायची आणि त्या पांढऱ्या रेघेवर गावाने खणायचं. दोन काठ्या, एक नळी आणि पाण्याचा स्वभाव, एवढ्या भांडवलावर टेकडीचा नकाशा जमिनीवर उमटतो. मात्र नळीत हवेचा बुडबुडा अडकला की पाणी खोटं बोलायला लागतं.

"मग त्यात कुणाला काही पटवावं लागलं का?" ताईने विचारलं.

"पटवायचं काय त्यात... हां, तात्या."

तात्यांचं म्हणणं होतं की रेघ चुकली आहे. पोरांनी ती चढावर नेली आहे आणि या चरात पाणी थांबणं शक्य नाही. तात्यांची सारी हयात त्या उतारावर गुरं राखण्यात गेलेली, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. आणि तात्या चुकत होते तेही साहजिक होतं, कारण वळणाऱ्या उतारावर उभं राहिलं की डोळ्याला समतल रेघ हमखास चढती किंवा उतरती भासते. चार माणसं टिकाव खाली ठेवून बसली. मुलगा एकोणीसचाही नव्हता. तात्यांना तोंड वर करून 'तुमचं चुकतंय' म्हणायची त्याची टाप नव्हती. त्याने दुसरी काठी तात्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "तात्या, तुम्हीच धरा. पाणी कितीवर आहे ते तुम्हीच वाचा, मी इकडचं वाचतो." तात्यांनी आकडा वाचला. याने वाचला. पुढच्या खुणेवर पुन्हा. चार-पाच खुणा झाल्यावर तात्या काही बोलले नाहीत, काठी घेऊन पुढच्या खुणेकडे निघाले.

"हे तू लिहिलं का नाहीस?"

"यात लिहिण्यासारखं काय आहे, ताई?"

मला वाटतं, या एका उत्तरात आपल्याकडच्या हजारो अर्जांची कहाणी आहे. मुलांना मोठं वाटतं ते स्पर्धेचं नाव, प्रमाणपत्रावरचा शिक्का, मंत्र्यांबरोबरचा फोटो. प्लॅस्टिकच्या फोल्डरात घालून नेलेल्या त्या प्रमाणपत्रांचं मुलाखत घेणाऱ्याला फारसं काही नसतं, कारण रोज तशी पन्नास येतात. आणि ज्या गोष्टीला मोल आहे, ती 'यात काय विशेष' म्हणून घरी राहते.

मुलाने पुन्हा लिहिलं. 'बारावीनंतरच्या सुट्टीत मी गावच्या पाणलोटाच्या कामात हायड्रोमार्करने समतल रेषा आखत होतो. एका ज्येष्ठ शेतकऱ्यांना रेषा चुकीची वाटली आणि त्यांच्या शब्दावर काम थांबले. वयाने आणि अनुभवाने ते माझ्यापेक्षा मोठे होते. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मापनाची दुसरी काठी त्यांच्या हातात देऊन पाण्याची पातळी त्यांनाच वाचायला सांगितली. चार-पाच खुणांवर त्यांची स्वतःची खात्री पटली. काम पुन्हा सुरू झाले आणि पुढे तेच माझ्याबरोबर आखणीला येऊ लागले. त्यानंतर शंका आली की आम्ही आधी शंका घेणाऱ्याच्याच हातात काठी देऊ लागलो.' नेतृत्व, संवाद, आवड यांपैकी एकही शब्द यात नाही. आणि वाचणाऱ्याला तिन्ही दिसतात.

प्रसंग, तुमच्यावर काय होतं, तुम्ही काय केलंत, पुढे काय झालं, या चार गोष्टींची इंग्रजी आद्याक्षरं जुळवून 'स्टार' नावाची पद्धत सगळीकडे शिकवतात. शिकवू देत. फक्त क्लासवाली मंडळी चारही भागांना सारखी जागा देतात, तिथे माझा आक्षेप आहे. २५० शब्दांतले दीडशे तिसऱ्या भागाला द्यावेत. गावाचा भूगोल आणि योजनेची उद्दिष्टं दोन ओळींत आटपावीत. काठी कुणाच्या हातात दिली, ते सावकाश सांगावं.

आता खरी आश्चर्याची गोष्ट. नोकरीच्या बाजारात आपण बिनपगारी कामाला दुय्यम समजतो, पण 'अधिकार नसताना' या प्रश्नासाठी त्याहून चांगली खाण नाही. ऑफिसात साहेब सांगतो आणि माणसं ऐकतात, कारण महिन्याअखेरीचा पगार मध्ये असतो. टेकडीवर, पालखीत, मंडळाच्या मांडवात कुणीही कुणाचं ऐकायला बांधील नसतं. वर्गणी मागायला गेलेल्या पोराला दार उघडणारा गृहस्थ 'नंतर या' म्हणू शकतो आणि बहुतेकदा म्हणतोच. ढोल-ताशा पथकात सराव चुकवणाऱ्याला पगार कापायची धमकी देता येत नाही. तरीही शे-दीडशे माणसं मिरवणुकीत एका ठेक्यावर चालतात. हे ज्याने घडवून आणलं, तो पुढे कंपनीत दुसऱ्या विभागाकडून काम काढून घेऊ शकेल का, याचा अंदाज मांडवातच बांधता येतो.

बेल्जियममध्ये स्टाइन बार्ट आणि सुनचिका वुयिच या संशोधकांनी तर याची थेट परीक्षा घेतली. त्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी खऱ्याखुऱ्या रिक्त जागांसाठी काल्पनिक उमेदवारांचे अर्ज पाठवले. काहींची नावं स्थानिक, काहींची स्थलांतरितांची. काही अर्जांत स्वयंसेवेचा उल्लेख, काहींत नाही. स्वयंसेवा न लिहिलेल्या अर्जांत स्थानिक नावाच्या उमेदवारांना स्थलांतरित नावांच्या दुपटीहून अधिक बोलावणी आली. आणि दोघांनीही स्वयंसेवा लिहिली, तिथे हा फरक दिसलाच नाही. नावावरून माणूस पारखणारा तोच मालक, पण कागदावरची एक ओळ त्याला थांबवून पुन्हा बघायला लावत होती. हे एका देशातलं आणि एका काळातलं निरीक्षण आहे, त्यावरून जगाचा नियम काढू नये. तरीही एका ओळीत एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

ही ओळ लिहिताना आपला हात का अडखळतो, तेही समजण्यासारखं आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचं ब्रीदच मुळी 'मी नाही, तुम्ही' अशा अर्थाचं. सोमनाथला बाबा आमटेंनी सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत दरवर्षी मे महिन्यात तरुण जमतात, कुदळ-फावडं हाती घेतात. तिथे कुणी आपलं नाव सांगत फिरलं तर बाकीचे त्याला हसतील. अशा वातावरणात वाढलेल्या मुलाला अर्ज म्हणतो, आता 'मी' लिही. त्याला वाटतं, आपण स्वतःच स्वतःची आरती ओवाळतोय.

पण प्रश्न विचारणाऱ्याला श्रेयाची वाटणी नको असते, त्याला कामाची वाटणी हवी असते. तीनशे माणसांनी चर खणले, हे गावाचं. रेघ मी आखली, हे माझं. तात्या पटले, हे तात्यांचं मोठेपण. काठी त्यांच्या हातात द्यायचं सुचलं, हे माझं. एवढं स्पष्ट लिहिण्यात कुणाचंही काही हिरावून घेतलं जात नाही. उलट सगळीकडे 'आम्ही' लिहिणारा वाचणाऱ्याच्या मनात निराळीच शंका पेरतो की हा बहुधा झाडाखाली बसला असावा.

आणि कुणी प्रसंगच रचून लिहिला तर? लिहितात. लेखी अर्जात तो खपूनही जातो. मुलाखतीत मात्र अडचण होते. मार्सिया जॉन्सन आणि कॅरोल रे यांनी १९८१ साली मांडलं की घडलेल्या गोष्टीची आठवण आणि मनात रचलेल्या गोष्टीची आठवण यांचा पोत वेगळा असतो. घडलेल्या आठवणीत जागा, वेळ, रंग, आवाज जास्त असतात. रचलेल्या आठवणीत विचारांची जुळवाजुळव जास्त असते. मुलाखत घेणारे काही मनकवडे नसतात, आणि उत्तम रचणारे त्यांना फसवूही शकतात. पण ते पुढचा प्रश्न विचारतात, त्याच्या पुढचा विचारतात. तात्या काठी धरून कुठे उभे होते? तुमचा जोडीदार कोण होता? फक्की कुणी मारली? खऱ्या प्रसंगाला हे प्रश्न म्हणजे मेजवानी. सांगणारा उलट विचारल्याहून जास्त सांगत सुटतो आणि त्याला आवरावं लागतं. रचलेल्या प्रसंगात प्रत्येक उत्तर नव्याने बनवावं लागतं.

एका प्रश्नाला मात्र सगळे घाबरतात: तुम्ही अपयशी ठरलात असा प्रसंग सांगा. त्यावर 'मी फार परफेक्शनिस्ट आहे' असं उत्तर द्यायचं कुणीतरी कुठेतरी शिकवतं. असा सल्ला देणाऱ्यांना माझा दुरूनच नमस्कार. साताऱ्याच्या त्या मुलाकडे या प्रश्नाचं उत्तर नळीतच आहे. समजा, कामाच्या पहिल्या आठवड्यात त्याने नळीत अडकलेला बुडबुडा पाहिला नाही. दोन्ही आकडे जुळले म्हणून फक्की मारली, माणसांनी भर उन्हात त्या रेघेवर खणलं आणि संध्याकाळी दुसऱ्या जोडीने तपासलं तेव्हा चराचं एक टोक खाली गेलेलं निघालं. पन्नास माणसांची सकाळ वाया गेली. हे सगळ्यांसमोर कबूल कसं केलं, तो तुकडा बुजवायचा की मध्ये आडवे बांध घालून वाचवायचा हे कुणाला विचारून ठरवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पहिली खूण करण्याआधी दोन्ही काठ्या शेजारी-शेजारी उभ्या करून आकडा जुळतो का बघायचं कसं ठरलं, हे त्याला सांगता येईल. मुलाखत घेणाऱ्याला बँक चालवायची असो की गोदाम, त्याला हेच ऐकायचं असतं. चूक पकडायची रीत या माणसाने स्वतः घडवली की कुणी त्याच्यावर लादली?

एवढं सांगून झालं की एक प्रश्न ठरलेला येतो आणि पुष्कळ उमेदवार तिथेच गडबडतात: त्या चरांचं पुढे काय झालं? पाऊस कसा झाला, पाणी थांबलं का, गाळ भरला का, टँकर बंद झाला की नुसताच उशिरा आला? यासाठी अर्ज पाठवण्याआधी गावात एक फोन करावा. ज्याने फक्की मारली त्याला विचारावं, तात्यांना विचारावं. तात्या बहुधा सांगतील की रेघ तेव्हाही थोडी चढावरच होती, पण पोराचं मन मोडायचं नव्हतं म्हणून ते गप्प बसले.